लहान इंजिनांची दुरुस्ती

कामगार चळवळीत उभा जन्म घालविलेल्या माणसाने खेळण्यातल्या आगगाड्यांवर बोलावे, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. संप, करार, बोनस हे सोडून हा गृहस्थ चावीच्या इंजिनाकडे कसा वळला, असे मनात येणे साहजिकच आहे. पण आनंदनगरच्या औद्योगिक वसाहतीत राहणाऱ्या श्रोत्यांना ही गोष्ट फार समजावून सांगावी लागू नये. दुरुस्ती हे येथील निम्म्या लोकांचे पोट आहे. दुरुस्तीचा इतिहास मात्र कोणी लिहीत नाही. इतिहास लिहिला जातो तो शोधाचा, मालकाचा आणि उद्‌घाटनाचा. म्हणून इंजिनांच्या दुनियेतला सर्वांत धाकटा, सर्वांत दुर्लक्षित कोपरा मी आज निवडला आहे: जुनी लहान इंजिने आणि ती पुन्हा चालती करणारे हात.

आरंभ ग्लासगोपासून केला पाहिजे. जेम्स वॅटने किटलीचे झाकण हलताना पाहिले आणि त्याला वाफेचे इंजिन सुचले, ही कथा शाळेत आपण सर्वांनी ऐकलेली आहे. खरी हकीकत याहून कितीतरी रोचक आहे. वॅट हा उपकरणे बनविणारा कारागीर. लंडनमध्ये जेमतेम वर्षभर उमेदवारी करून तो ग्लासगोला आला, तेव्हा तेथील धातुकारागिरांच्या संघाने त्याला गावात दुकान घालू दिले नाही. त्याने उमेदवारीची सारी वर्षे भरलेली नव्हती, हे त्यांचे म्हणणे. (संघटनेचा माणूस म्हणून त्या संघाची बाजू मला समजते, पण या एका प्रसंगी त्यांनी दार फारच घट्ट लावले होते, हे कबूल केले पाहिजे.) अखेर १७५७ साली विद्यापीठाने आपल्या आवारात त्याला एक खोली दिली. या विद्यापीठाजवळ न्यूकोमेनच्या पंपाच्या इंजिनाची एक लहान प्रतिकृती होती. ती नीट चालत नव्हती. लंडनच्या सिसन नावाच्या नामांकित कारागिराकडे ती धाडली गेली होती, पण दुरुस्त झाली नाही. १७६३-६४ च्या हिवाळ्यात ती वॅटच्या हाती आली.

वॅटने ती दुरुस्त केली. तरीही चार-दोन फेरे मारून ती थांबेच. बॉयलरमधली वाफ संपून जाई. साधा कारीगर येथे ‘काम झाले, यापुढे माझी जबाबदारी नाही’ म्हणून मोकळा झाला असता. वॅटने विचारले की, मोठे इंजिन चालते आणि तेच लहान केले की का चालत नाही? त्याचे उत्तर गणितात आहे. कोणतीही वस्तू लांबी, रुंदी, उंचीने निम्मी केली की तिचे पोट एक अष्टमांश होते, पण तिची कातडी एक चतुर्थांशच होते. म्हणजे लहान सिलिंडरला आतल्या वाफेच्या मानाने थंड पडायला दुप्पट जागा मिळते. प्रत्येक फेऱ्याला सिलिंडर थंड करायचा आणि पुन्हा तापवायचा, यात वाफेचा मोठा भाग फुकट जात होता. मोठ्या इंजिनातही तेच घडत होते, फक्त तेथे कोळशाच्या ढिगाखाली ते झाकले जात होते. लहान प्रतिकृतीने ते उघडे केले. १७६५ साली वॅटला वेगळ्या कंडेन्सरची कल्पना सुचली आणि १७६९ साली त्याने तिचे पेटंट घेतले. पुढे ज्याला औद्योगिक क्रांती म्हणतात तिची एक मुख्य मेख एका नादुरुस्त नमुन्याच्या दुरुस्तीत आहे. तो नमुना ग्लासगो विद्यापीठाने आजही जपून ठेवलेला आहे.

आता खेळण्याकडे येऊ. जर्मनीतील मेर्क्लिन कंपनीने १८९१ साली लाइपझिगच्या जत्रेत ठराविक रुंदीच्या रुळांवर धावणारी, डबे व रूळ वाढवीत नेता येईल अशी गाडी मांडली. इंग्लंडमध्ये फ्रँक हॉर्नबी याने १९०१ साली मेकॅनोचे पेटंट घेतले आणि १९२० साली चावीच्या आगगाड्या बाजारात आणल्या. त्यांच्या रुळांची रुंदी ३२ मिलिमीटर. १९३८ साली त्याच कारखान्याने १६.५ मिलिमीटर रुळांवरची विजेची गाडी काढली. लिव्हरपूलचा तो बिन्स रोडचा कारखाना १९७९ साली बंद पडला. साहेबांच्या, संस्थानिकांच्या आणि मुंबईच्या सुखवस्तू घरांतून या गाड्या आपल्याकडे आल्या. पुढे परकीय चलनाची ओढ लागली आणि १९५७ पासून चैनीच्या वस्तूंच्या आयातीवर कडक बंधने आली. मग ज्याच्याकडे गाडी होती त्याला सुटे भाग मिळेनासे झाले. वस्तू फेकायची नाही आणि भाग मिळत नाही, या कात्रीतच आपल्या देशातला अस्सल कारागीर तयार झालेला आहे. रेडिओचे तसेच झाले, मोटारींचे तसेच झाले.

या इंजिनांचे रोग ठरलेले असतात. चावीच्या इंजिनात जुने वंगण मेणासारखे घट्ट होते आणि स्प्रिंग असूनही चाक फिरत नाही. लोक स्प्रिंग बदला म्हणतात. वास्तविक रॉकेलने धुऊन पातळ तेलाचा एक थेंब दिला की बहुधा काम होते. विजेच्या इंजिनात कम्युटेटरवर काजळी बसते, ब्रश झिजतात. जुन्या मोटारीतला लोहचुंबक कालांतराने दुबळा होतो, आणि आर्मेचर बाहेर काढताना चुंबकाच्या टोकांवर लोखंडाची पट्टी ठेवली नाही तर तो तेथल्या तेथे आणखी अशक्त होतो. ही पट्टी ठेवायची असते, हे हाताखाली काम केल्याशिवाय कळत नाही.

सर्वांत वाईट रोग जस्ताचा. दोन महायुद्धांच्या दरम्यान चाके आणि सांगाडे जस्ताच्या मिश्रधातूत ओतले जाऊ लागले. या मिश्रणाला ९९.९९ टक्के शुद्ध जस्त लागते. ओतशाळेत शिशाचा अंश त्यात गेला, की तो धातूच्या कणांच्या सांध्यांत बसतो. दमट हवेत तेथे आतूनच गंज चढतो, ओतकाम फुगते, त्याला तडे जातात आणि एके दिवशी बोटाने दाबताच भुगा होतो. याला औषध नाही. कोकणपट्टीच्या हवेत तर मुळीच नाही. त्या चाकावरून साचा घेऊन नवे चाक ओतावे लागते. तेही चाक धड आहे तोवर, कारण फुगलेल्या चाकाचा साचा घेतला तर फुगलेलेच चाक मिळते.

पाण्यात बुडालेल्या यंत्राविषयी दोन शब्द बोलतो, कारण २६ जुलै २००५ आणि जुलै २०१९ हे दोन्ही पूर बदलापूर ते उल्हासनगर या पट्ट्याला सांगायला नकोत. चिखलात गेलेली मोटार उन्हात वाळवून सुरू करून पाहणे, हा आपला पहिला उतावळेपणा. गाळ वाळण्यापूर्वी ती स्वच्छ पाण्याने धुवावी, मग स्पिरिटने पाणी काढून टाकावे, पुरती सुकू द्यावी, तेल द्यावे आणि नंतरच तिला वीज दाखवावी. पंप असो की खेळणे, नियम एकच.

महाराष्ट्रात या छंदाला सार्वजनिक रूप आले ते पुण्यात. कोथरूडला भाऊ जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय १९९८ पासून लोकांना खुले आहे. तेथे ८७ पट लहान केलेले एक संपूर्ण शहर, स्थानके, सिग्नल, पूल आणि धावत्या गाड्या पाहावयास मिळतात. ८७ पट लहान म्हणजे वजनाने किती लहान? ८७ गुणिले ८७ गुणिले ८७, म्हणजे साडेसहा लाखांहून अधिक पट. नव्वद टनांचे इंजिन या मापात सुमारे १३७ ग्रॅमचे होईल. इतक्या हलक्या इंजिनाची चाके रुळावर घसरू नयेत म्हणून प्रतिकृतीत मुद्दाम शिसे भरावे लागते. निसर्गाचे नियम मापाप्रमाणे लहान होत नाहीत; वॅटला जे दिसले तेच येथे पुन्हा दिसते.

परंतु आपल्याला पुण्यापर्यंत जाण्याची गरज नाही. बदलापूरच्या पुढे वांगणी, शेलू आणि मग नेरळ. या मार्गावर १८५६ पासून मोठी गाडी धावते. नेरळहून माथेरानला जाणारा दोन फुटी मार्ग सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या खटपटीने १९०४ ते १९०७ या काळात बांधला गेला. सुमारे २१ किलोमीटर अंतर, वीस फुटांना एक फूट असा चढ आणि सापाच्या वेटोळ्यासारखी वळणे. त्यासाठी जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कोपेल कंपनीकडून चार वाफेची इंजिने आणली गेली: ७३८, ७३९, ७४० आणि ७४१. ती खेळणी नव्हेत. पण लोकांनी त्या गाडीला ‘खेळण्यातली गाडी’ म्हटले, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ती खेळण्याइतकीच नाजूक होती.

या इंजिनांची मौज त्यांच्या अ‍ॅक्सलमध्ये होती. तीन जोड्या चाकांचे इंजिन तीव्र वळणावर रुळाला घासते, अडकते. यावर क्लीन आणि लिंडनर यांची युक्ती वापरली होती. पुढच्या व मागच्या जोडीचा अ‍ॅक्सल पोकळ; त्याच्या आत दुसरा भरीव अ‍ॅक्सल; दोहोंच्या मध्यभागी गोळ्याचा सांधा. आतला अ‍ॅक्सल सांगाड्यात सरळ फिरत राहतो आणि बाहेरचा, चाकांसकट, वळणाप्रमाणे तिरका होतो. कागदावर ही रचना फार सुंदर दिसते. पण गोळा, पिना आणि खोबण या तिन्ही ठिकाणी झीज, आणि तीही इंजिनाच्या पोटात, जेथे हात पोचत नाही. त्यात घाटाची लाल धूळ आणि पावसाळ्याचे पाणी. नवा भाग जर्मनीहून यायचा म्हटले तर दोन महायुद्धांत जर्मनी शत्रूराष्ट्र! तरीही ही इंजिने १९८० नंतरही काही काळ, म्हणजे पाऊणशे वर्षे घाट चढत राहिली. १९५५ च्या सुमारास जर्मनीहूनच डिझेल इंजिने आली, आणि वाफेची हळूहळू मागे पडली.

कोपेलचे नाव इंजिनाच्या पाटीवर आहे. पीरभॉयांचे नाव प्रत्येक प्रवासवर्णनात आहे, आणि ते असावेच. त्यांनी पैसा आणि जिद्द लावली. पण कंपनीने ही इंजिने एकदा बनविली. नेरळच्या शेडमध्ये आणि रेल्वेच्या कारखान्यांत ती पुन्हापुन्हा बनत राहिली. बुश नवे, पिना नव्या, नळ्या नव्या, चाकांच्या धावा नव्या. पाऊणशे वर्षांनंतर त्या इंजिनात जर्मन लोखंड किती आणि आपल्या फिटरने घातलेले किती, याचा हिशोब कोण मांडणार? रेल्वेच्या फिटर-बॉयलरमेकरांची नावे कागदावर कोठे आढळतात, तर मजुरीच्या पत्रकात, आणि १९३० च्या जी.आय.पी. संपानंतरच्या किंवा मे १९७४ च्या देशव्यापी संपातल्या बडतर्फीच्या याद्यांत. आम्ही युनियनवाले ज्या याद्या जपून ठेवतो, त्याच या कारागिरीच्या इतिहासाची साधने आहेत, हे आमच्यापैकीही पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

याचा परिणाम पुढे भोगावा लागला. चित्तरंजनच्या कारखान्याने रुंद मार्गाचे शेवटचे वाफेचे इंजिन १९७० साली आणि मीटर मार्गाचे १९७२ साली बांधले. १९९५ साली रुंद मार्गावरची वाफ संपली. इंजिने भंगारात गेली त्याहून लवकर ज्ञान घरी गेले, निवृत्त होऊन. एकविसाव्या शतकाच्या आरंभी माथेरानला पुन्हा वाफेची गाडी दिसावी असे रेल्वेला वाटले, तेव्हा दार्जिलिंगचे ७९४ क्रमांकाचे इंजिन आणून त्याचे कोळशावरून तेलावर रूपांतर करण्यात आले. मूळच्या चारांपैकी एक दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात आहे, एक परदेशी गेले. रंग देऊन फलाटाजवळ उभे केलेले इंजिन आणि चालते इंजिन यांत माणूस आणि त्याचा पुतळा यांइतका फरक असतो. रंगाने गंज दिसत नाही एवढेच. पावसाचे पाणी आत आपले काम करीतच असते.

एका वादाचा उल्लेख करणे भाग आहे. जुने इंजिन नव्यासारखे चकचकीत करावे की त्याच्या जखमांसकट राखावे? माझे मत स्पष्ट आहे. चालण्यासाठी जे बदलावे लागते ते खुशाल बदलावे; पण केवळ दिसण्यासाठी जुना रंग खरवडू नये. पत्र्याच्या इंजिनावरचा छापील रंग एकदा गेला की परत येत नाही, आणि त्याखाली कोणत्या मुलाने कोठे आपटले तेही पुसले जाते. दुसरे असे की, नवा भाग नवा म्हणून ओळखता आला पाहिजे. आपल्या शेजारच्या उल्हासनगरवर ‘मेड इन यू. एस. ए.’चा विनोद सर्वांनी केला आहे. १९४९ साली निर्वासितांच्या छावणीतून उभे राहिलेले ते गाव. तेथल्या माणसांनी दुसऱ्याचे यंत्र उघडून, पाहून, पुन्हा बनवून पोट भरले, ही मला विनोदाची वाटत नाही, शाबासकीचीच गोष्ट वाटते. हुबेहूब भाग बनविणे हे कसब आहे. तोच भाग ‘मूळचा’ म्हणून विकणे ही लबाडी आहे. दोहोंमध्ये अंतर फक्त एका खुणेचे: भागाच्या आतल्या बाजूला, जेथे दिसणार नाही तेथे, सालाचा आकडा आणि बनविणाराची अक्षरे कोरावीत.

हे काम आनंदनगरातील कोणत्याही लेथवर होण्यासारखे आहे. ज्यांच्या घरी माळ्यावर आजोबांची चावीची गाडी पडली असेल त्यांनी ती आधी चावी देऊन पाहू नये. घट्ट वंगणात जोर लावला की दाते तुटतात. ती उघडावी, धुवावी, आणि झिजून निघालेला भाग फेकून न देता लहान पाकिटात घालून त्यावर तारीख, इंजिनाचे नाव आणि दुरुस्त करणाऱ्याचे पूर्ण नाव लिहून गाडीबरोबर ठेवावा.