माणदेशातला शेळ्यांचा कळप

सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला सहा हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर पूर्वेकडच्या माण तालुक्यात तो पाचशेच्या आतबाहेर राहतो. माण, खटाव, आटपाडी, जत आणि कवठेमहांकाळ या पट्ट्यात शेळी टिकली ती या कोरड्या हवेमुळे. यांपैकी सांगली जिल्ह्यातले तालुके १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ जिल्ह्यात आले आणि १९६० मध्ये त्या जिल्ह्याचे नाव सांगली झाले. पण शेळ्यांच्या बाबतीत हा सगळा मुलूख एकच मानावा लागतो. इथे जुन्या काळी कळप विकत आणण्याची पद्धत फारशी नव्हती. एक-दोन शेळ्या यायच्या आणि कळप घरातच वाढायचा.

धनगरांच्या खांडात शेळ्या मेंढ्यांसोबतच असत. घरच्या दुधासाठी आणि आई मेलेल्या कोकरांना पाजण्यासाठी त्या लागत. कुणब्याच्या किंवा भूमिहीन मजुराच्या दारातली शेळी मात्र निराळ्या वाटेने येई. ज्याच्याकडे पैसा आहे पण राखायला माणूस नाही, तो शेळी दुसऱ्याला अर्धलीने देई. शेळी मालकाची, राखण दुसऱ्याची, पिल्ले निम्मीनिम्मी. दूध आणि लेंड्या बहुधा राखणाऱ्याकडेच राहत. शेळी साधारण १५० दिवसांत विते आणि जुळी होणे नेहमीचे असते. त्यामुळे नशीब बरे असेल तर दुसऱ्या-तिसऱ्या वेताला राखणाऱ्याच्या वाट्याला स्वतःची पाठ, म्हणजे मादी करडू, येई. ती वाढली, गाभण राहिली की कळपाची सुरुवात झाली. हातात रोकड नसलेल्या घराला, विशेषतः बाईमाणसाला, मालमत्ता करण्याचा याहून स्वस्त मार्ग त्या काळात क्वचितच होता. शिवाय अर्धलीत शेळी राखता येते की नाही, याची परीक्षाही आपोआप होई.

बाजारातून शेळी आणायची तर लोणंदचा गुरुवार, म्हसवडचा बुधवार किंवा आटपाडीचा शनिवार. दलाल असतच, आणि रुमालाखाली बोटे दाबून होणारा सौदा नवख्याला कळत नसे. जाणता माणूस आधी शेळीचे तोंड उघडून बघे. दुधाचे दात असतील तर ती अदंत. साधारण सव्वा वर्षाच्या आगेमागे ती दोनदाती होते आणि पुढे वर्षाला एक जोडी वाढत चौथ्या वर्षाच्या सुमारास दात जुळतात. त्यानंतर कास चाचपायची, दोन्ही सडांतून धार येते का पाहायचे आणि डोळ्याची पापणी ओढून आतला रंग पाहायचा. तो फिका असेल तर पोटात जंत आहेत, असे समजायचे. गाभण म्हणून विकलेली शेळी खरोखर गाभण आहे का, हा मात्र शेवटी विश्वासाचाच मामला.

घरी आणलेली शेळी पहिले काही दिवस दाव्यालाच ठेवत, कारण सोडली की ती जुन्या वाटेला लागे. चाराही एकदम बदलत नसत. ज्या रानातून ती आली तिथला पाला इथेही असला तर प्रश्न नसे. बाभळीच्या शेंगा, बोरीचा पाला, शेवरी आणि तुरीचे भुसकट हे या भागात सगळीकडे चालणारे खाद्य. भुकेल्या जनावराला अचानक ज्वारीचे दाणे किंवा कोवळे हिरवे पोटभर घातले, तर ते पोट फुगून रात्रीत मरू शकते. पिल्ले डालग्याखाली झाकून आई चरायला जाई. माणच्या माळावर लांडग्यांचा वावर असल्याने रात्रीसाठी बाभळीच्या काटेरी फांद्यांचे कुंपण किंवा घराचीच पडवी लागे.

दुष्काळांनी एकेक शेळीने कळप वाढवण्याची ही पद्धत मोडली नाही, उलट घट्टच केली. १८७६-७७ च्या आणि पुढे १९७२ च्या दुष्काळात मोठ्या जनावरांना चारा आणि पाणी पुरवणे अशक्य होऊन बैल विकावे लागले. शेळीला थोड्यात भागत असे, आणि ती अडचणीला एकेक करून विकताही येई. १८७८ च्या वन कायद्यानंतर राखीव जंगलातल्या चराईवर बंधने आली. शेळी झाडाचा शेंडा खाते म्हणून सरकारदरबारी तिच्यावर वाढता रोषही राहिला.

तरीही पुढे सरकारनेच तिचा प्रसार केला. १९७८ मध्ये पुण्यात मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. माणमधले दहिवडी आणि कवठेमहांकाळमधले रांजणी इथे त्याची प्रक्षेत्रे आहेत. १९८० पासून एकात्मिक ग्रामीण विकास कार्यक्रम देशभर लागू झाला. त्यात कर्ज आणि अनुदानावर शेळ्यांचे गट वाटले गेले. नंतरच्या योजनांत दहा शेळ्या आणि एक बोकड हे माप रूढ झाले. कागदावर ते सोपे आहे. पण वेगवेगळ्या गावांतून आणि बाजारांतून गोळा केलेली अकरा जनावरे एका गोठ्यात एकाच दिवशी आली, की त्यांच्यासोबत जंत आणि साथीही येतात. भारतात पीपीआर हा शेळ्यांचा साथीचा रोग पहिल्यांदा १९८७ मध्ये तमिळनाडूत नोंदला गेला. लस न टोचलेल्या नव्या कळपाला तो फार जड जातो. म्हणून आज नवी जनावरे दोन-तीन आठवडे वेगळी ठेवायला सांगतात. एकेक शेळी वाढवणाऱ्याला ही गरज सहसा पडतच नसे.

माळ कमी झाला, तशी शेळी गोठ्यात आली. १९९२ पासूनच्या आदर्श गाव योजनेच्या पंचसूत्रीत चराईबंदी आहे आणि पाणलोटाची कामे झालेल्या गावांत ती पाळावी लागते. टेंभू आणि म्हैसाळ या उपसा सिंचन योजनांच्या पाण्याने काही माळांवर डाळिंब आणि ऊस आले. मग बंदिस्त शेळीपालनात सुबाबूळ आणि शेवरी लावून पाला कापून घालण्याची पद्धत रुळली. जातीही बदलल्या. मराठवाड्याची काळी उस्मानाबादी इथे आधीपासून प्रिय होती. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने १९९३ मध्ये परदेशातून गोठवलेले भ्रूण आणून बोअर ही मांसासाठीची जात भारतात आणली. तिचा संकर उस्मानाबादीशी केला की करडे लवकर वजन धरतात. पण त्यांना खुराकही जास्त लागतो. म्हसवडच्या माणदेशी फाउंडेशनने गावातल्या स्त्रियांना शेळ्यांच्या कृत्रिम रेतनाचे शिक्षण दिले. त्या घरोघरी जाऊन काम करतात, त्यामुळे तीन-चार शेळ्यांच्या घराला आता बोकड पोसावा लागत नाही. अर्धलीची शेळी मात्र आजही दिसते, विशेषतः जिथे घरातली तरुण माणसे कामासाठी मुलूख सोडून गेली आहेत तिथे.