दोन यमुना

मराठी कादंबरीच्या उंबरठ्यावर दोन यमुना उभ्या आहेत. पहिली १८५७ सालची, बाबा पदमनजींच्या ‘यमुनापर्यटन’मधली. दुसरी त्यानंतर सुमारे तेहेतीस वर्षांनी हरिभाऊ आपट्यांच्या ‘करमणूक’ साप्ताहिकातून घरोघर आलेली, ‘पण लक्षात कोण घेतो?’ची नायिका. दोघींचे नाव एक आणि त्यांना जन्म देणाऱ्या लेखकांचा हेतूही एकच: विधवेच्या हालांकडे समाजाचे लक्ष वेधावे. असे असूनही पहिली यमुना आज वाङ्मयेतिहासाच्या पहिल्या प्रकरणापुरती उरली आहे, तर दुसरीच्या हकीकतीने पिढ्यान् पिढ्या वाचकांचे डोळे पाणावले. हे असे का व्हावे?

लेखकाने समाजाच्या दुःखासाठी लेखणी झिजवावी की कलेसाठी, हा वाद आपल्याला नवा नाही. फडके-खांडेकरांच्या काळात त्याने एक पिढी गाजवली. त्या वादात तत्त्वे पुष्कळ मांडली गेली. पण या दोन यमुनांना साक्षीला बोलावले तर प्रश्न अधिक स्पष्ट होतो असे मला वाटते.

पदमनजींचा जन्म १८३१ चा, बेळगावचा. १८५४ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. विधवाविवाहाला मान्यता देणारा कायदा झाला १८५६ च्या जुलैत, आणि पुढच्याच वर्षी त्यांचे हे पुस्तक निघाले. हिंदुस्थानातील विधवांच्या स्थितीचे निरूपण, असे त्याचे जोडनावच आहे. यमुना आणि तिचा नवरा विनायकराव प्रवासाला निघतात. गावोगाव त्यांना विधवा भेटतात आणि प्रत्येकीची कर्मकहाणी कानी पडते. पुढे विनायकराव मरण पावतो, यमुनेवरच वैधव्य कोसळते, आणि शेवटी ती ख्रिस्ती होऊन पुनर्विवाह करते.

या पुस्तकाची योग्यता कमी लेखू नये. ज्या काळी विधवेचा विषय घरात मोठ्याने काढण्याची सोय नव्हती, त्या काळी पदमनजींनी तो छापून लोकांपुढे ठेवला. राजाराण्यांच्या गोष्टी सोडून आपल्या आळीतल्या बाईचे दुःख गोष्टीत आणण्याचे धाडस मराठीत प्रथम त्यांनी केले. परंतु त्यांची यमुना हिंडते, ऐकते, हळहळते आणि पुढच्या गावाला जाते. भेटणाऱ्या विधवा एखाद्या खटल्यातल्या साक्षीदारांसारख्या येतात आणि साक्ष देऊन निघून जातात. निकाल तर लेखकाने आधीच लिहून ठेवलेला. त्या निकालाची वाट धर्मांतरातून जात असल्यामुळे, ज्या वाचकाला पाझर फुटायचा त्यालाच पुस्तक मिटण्याची सबब मिळाली. ‘हे त्यांच्यातले, आमच्यातले नव्हे,’ एवढे म्हटले की तो मोकळा!

मधल्या तीस वर्षांत विधवांचा प्रश्न झोपला होता असे नाही. जोतीराव फुल्यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. विष्णुशास्त्री पंडितांनी विद्यासागरांचा ग्रंथ मराठीत आणला; १८६९ साली मुंबईत विधवाविवाह लागला; १८७० साली पुण्यात शंकराचार्यांसमोर वादसभा झाली. शास्त्रवचनांवर शास्त्रवचने पडली. कादंबरी मात्र वेगळ्याच वाटेने गेली होती. ‘मुक्तामाला’ (१८६१), ‘मंजुघोषा’ (१८६८) अशा अद्भुतरम्य कथांचा तो जमाना. ‘मंजुघोषा’चे कर्ते नारो सदाशिव रिसबूड यांनी तर प्रस्तावनेत आपली अडचण सरळ सांगून टाकली. आमच्या लोकांच्या विवाहाच्या चालीरीती अशा, की त्यांच्या आयुष्यात मनोरंजक असे काही घडतच नाही. मग कादंबरीकाराने लिहावे तरी कशावर, असा त्यांचा भावार्थ. त्यात प्रामाणिकपणा होता, पण त्यांचे लक्ष गेले नव्हते ते माजघराकडे.

माजघरात पहिल्याने शिरले ते हरिभाऊ. त्यांचा जन्म १८६४ चा, खानदेशातल्या पारोळ्याचा. लहानपणीच आई गेली आणि ते चुलत्यांच्या मोठ्या एकत्र कुटुंबात वाढले. घरातल्या बायका काय बोलतात, काय गिळतात आणि कोणत्या कोपऱ्यात रडतात, हे ऐकण्याचा कान त्यांना तिथे लाभला असावा. १८९० साली त्यांनी ‘करमणूक’ काढले. ‘केसरी’ आणि ‘सुधारक’ यांची वाक्‌युद्धे ओसरीवर वाचली जात; ‘करमणूक’ आत, बायकामुलांपर्यंत जाण्यासाठी होते. तिथून त्यांनी ‘पण लक्षात कोण घेतो?’ क्रमशः छापायला घेतली; १८९३ साली ती पुस्तकरूपाने निघाली.

हरिभाऊंनी केलेली मोठी गोष्ट वरवर पाहता अगदी साधी आहे. त्यांनी यमुनेला स्वतः बोलू दिले. ती आपले लहानपण सांगते, सासर सांगते, मैत्रीण दुर्गा हिचे हाल सांगते. मुंबईस नवऱ्याबरोबर काढलेले थोडे सुखाचे दिवस आठवते. आपल्यावर जुलूम होतो आहे अशी तिची तक्रार पुष्कळ वेळ नसतेच. जगाची रीतच ही, असे समजून ती सांगत जाते. वाचकाच्या जिवाला चरका बसतो तो नेमका तिच्या या समजुतीमुळे. पुढे रघुनाथराव जातात, आणि शंकरमामंजींच्या कारस्थानाने तिचे केशवपन होते. त्या प्रसंगापर्यंत वाचक तिच्याबरोबर इतकी वर्षे नांदलेला असतो की, न्हावी दारात आला म्हणजे तो आपल्याच घरात आला असे त्याला वाटते. येथे शास्त्रार्थाला जागा नाही आणि ‘हे त्यांच्यातले’ म्हणण्याचीही सोय नाही.

काळ लक्षात घेतला म्हणजे या कथेचे मोल अधिक कळते. याच १८९० साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक मंडळींनी विधवांच्या डोक्यावर वस्तरा न चालवण्याचा निर्धार केला. पुढच्या वर्षी संमतिवयाचा कायदा होऊन मर्यादा दहाची बारा वर्षे झाली, आणि त्यावरून महाराष्ट्र दुभंगला. सभा उधळल्या जात होत्या. या गदारोळात एक मुलगी आपली गोष्ट हळू आवाजात सांगत होती.

मग कादंबरीने काय साधले? येथे आपण हुरळून जाऊ नये. तिने आश्रम काढला नाही, शाळा उघडली नाही. पंडिता रमाबाईंचे शारदासदन १८८९ मध्येच निघाले होते. ज्या १८९३ साली यमुनेची कथा पुस्तकरूपाने आली, त्याच साली धोंडो केशव कर्व्यांनी शारदासदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला, आणि मुरूड गावाने त्यांना वाळीत टाकले. कागदावरच्या यमुनेसाठी रडणे सोपे होते. जिवंत गोदूबाईंच्या पंगतीला बसणे कठीण होते. रडणारे आणि वाळीत टाकणारे हे दोन निरनिराळे समाज होते, असे म्हणून स्वतःचे समाधान करून घेण्यात अर्थ नाही.

हरिभाऊंना हे ठाऊक असावे. म्हणूनच त्यांनी यमुनेचा पुनर्विवाह लावून दिला नाही. तिला मरू दिले. पदमनजींच्या यमुनेचे शेवटी बरे होते आणि वाचक सुटतो. हरिभाऊंची यमुना सुटत नाही, म्हणून वाचकालाही सुटता येत नाही. कादंबरीच्या हाती एवढेच असते. ती अश्रू काढील, त्या अश्रूंचे पुढे काय करायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे. पण ‘आम्हाला माहीत नव्हते’ असे म्हणण्याची सोय मात्र ती कायमची काढून घेते.

हरिभाऊंच्या दृष्टीलाही कुंपण होते. त्यांचा वाडा पांढरपेशांचा. वाड्याबाहेरच्या वस्तीत काय जळत होते ते मराठी कादंबरीला दिसायला पुढे बरीच वर्षे लागली. गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत मालतीबाई बेडेकरांनी काम केले, आणि जे पाहिले ते विभावरी शिरूरकर या नावाने ‘बळी’त १९५० साली लिहिले. जन्मतःच माणसाला गुन्हेगार ठरवणारा तो १८७१ चा कायदा १९५२ साली रद्द झाला. तो या कादंबरीने झाला असे कोणी म्हणणार नाही. परंतु कायदा गेला तरी त्या माणसांकडे पाहणारी संशयाची नजर काही त्याच दिवशी गेली नाही. ती फिरवायला आजही ‘बळी’सारख्या पुस्तकांचीच गरज पडते.

नव्या लेखकाने प्रश्न हाती घ्यावा की नाही, असे मला कोणी विचारले तर मी म्हणेन, अवश्य घ्यावा. मात्र उत्तर खिशात घालून माणसांच्या घरी जाऊ नये. आधी बसावे, ऐकावे, आणि मग ज्याचे दुःख त्यालाच बोलू द्यावे. हरिभाऊंनी नावातच प्रश्न विचारून ठेवला होता. त्याचे उत्तर त्यांनी आपल्या पुस्तकात कुठेही दिलेले नाही. ते देण्याचे काम त्यांनी आपल्यावर सोपवले आहे.