बीटल्स की स्टोन्स? एका जुन्या वादाचा इतिहास

गेल्या वर्षी स्नेहसंमेलनाच्या तालमीला दहावीतला एक मुलगा काळा टी-शर्ट घालून आला. छातीवर उघडे तोंड आणि त्यातून बाहेर लोंबणारी लालभडक जीभ. आमच्या एका बाईंना तो प्रकार पाहवला नाही आणि त्यांनी त्याला माझ्या खोलीत पाठवून दिले. मी विचारले, "बाळ, हे चित्र कशाचे, माहीत आहे का?" तो म्हणाला, "नाही सर. खडेबाजारात दीडशेला मिळाला."

मग मीच त्याला सांगितले. ही जीभ १९७० साली लंडनच्या जॉन पाश नावाच्या कलाशिक्षण घेणाऱ्या तरुणाने 'रोलिंग स्टोन्स' या वाद्यवृंदासाठी काढली. वृंदाचा गायक मिक जॅगर याने त्याला आपल्या कालीमातेचे चित्र दाखवले होते, त्यावरून ही कल्पना निघाली. मेहनताना मिळाला पन्नास पौंड. पुढे २००८ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने ते मूळ चित्र विकत घेतले. पोराचे डोळे विस्फारले. "म्हणजे सर, हे एक नंबर होते?"

मी क्षणभर गप्प राहिलो. कारण या एका प्रश्नावर मी माझ्या आयुष्यातली पस्तीस वर्षे भांडलो आहे.

१९८९ साली मी एम.ए.साठी धारवाडला गेलो. वसतिगृहात जो खोलीमित्र मिळाला, तो गदगकडचा, घरचा कन्नड. मी बेळगावचा मराठी. १९८६ च्या आंदोलनाच्या जखमा तेव्हा ताज्या होत्या. पहिल्याच आठवड्यात आमचा एकदा असा खटका उडाला की दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी त्यानेच करार मांडला : या खोलीत सीमाप्रश्न काढायचा नाही. पण दोन तरुण माणसे एका खोलीत राहणार म्हणजे भांडायला काहीतरी हवेच. त्याच्याकडे एक टेपरेकॉर्डर होता आणि स्टोन्सच्या चार कॅसेटी होत्या. माझ्याकडे मामांनी मुंबईहून पाठवलेल्या बीटल्सच्या दोन. आम्हांला भांडायला निर्धोक जागा सापडली.

आता थोडा इतिहास. बीटल्स हे लिव्हरपूल बंदरातले. जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी यांची पहिली भेट ६ जुलै १९५७ रोजी वुल्टन येथील चर्चच्या जत्रेत झाली. पुढे जॉर्ज हॅरिसन आला आणि १९६२ साली रिंगो स्टार. स्टोन्स लंडनकडचे. मिक जॅगर आणि कीथ रिचर्ड्स हे डार्टफर्ड गावातले बालपणीचे सवंगडी. ऑक्टोबर १९६१ मध्ये ते रेल्वे फलाटावर पुन्हा भेटले, तेव्हा जॅगरच्या काखेत चक बेरी आणि मडी वॉटर्स या अमेरिकन कृष्णवर्णीय कलावंतांच्या तबकड्या होत्या. त्या तबकड्यांनी मैत्री पुन्हा जुळली. ब्रायन जोन्सने वृंद उभा केला, मडी वॉटर्सच्याच एका गाण्यावरून त्याला नाव दिले, आणि १२ जुलै १९६२ रोजी मार्की क्लबात त्यांचा पहिला कार्यक्रम झाला.

या दोघांच्या वैराची कथा वाचताना इतिहासाच्या विद्यार्थ्याला पहिला धडा मिळतो, तो शिक्क्यांविषयी. वर्तमानपत्रांनी बीटल्सना 'सज्जन मुले' ठरवले आणि स्टोन्सना 'उनाड'. वास्तविक वस्तुस्थिती बरीच उलट होती. बीटल्समधले बहुतेक जण कष्टकरी घरांतले. १९६० पासून हँबुर्गच्या बदनाम वस्तीतल्या मद्यालयांत रात्र रात्र वाजवून ते तयार झाले. तेव्हा अंगात चामड्याची जाकिटे होती. सूट आणि लवून नमस्कार ही त्यांचा व्यवस्थापक ब्रायन एपस्टाइन याची शिकवण. उलट स्टोन्सचा जॅगर लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये शिकत होता, वडील शारीरिक शिक्षणाचे शिक्षक होते. बीटल्स सभ्य म्हणून खपत आहेत, तर आपण असभ्य खपवू, हा हिशेब त्यांचा व्यवस्थापक अँड्र्यू ओल्डम याने केला. दोन्ही मुखवटेच. पण मुखवटा पुष्कळ दिवस घातला की लोक त्यालाच चेहरा समजतात. आपल्याकडे कोण कुठल्या भाषेच्या बाजूचा, हे नावावरून ठरवणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको.

दुसरा धडा वैराविषयी. डेक्का कंपनीने १९६२ साली बीटल्सना नाकारले, ही गोष्ट प्रसिद्ध आहे. पण पुढच्या वर्षी त्याच कंपनीच्या डिक रो यांना स्टोन्सची शिफारस कोणी केली? बीटल्सच्या जॉर्ज हॅरिसनने. स्टोन्सचे १९६३ चे दुसरे गाणे, 'आय वॉना बी युअर मॅन', लिहून दिले लेनन आणि मॅकार्टनी यांनी. जून १९६७ मध्ये बीटल्सचे गाणे उपग्रहाद्वारे अनेक देशांत दिसले, तेव्हा समोर बसून साथ देणाऱ्यांत जॅगर होता. त्याच उन्हाळ्यात अमली पदार्थांच्या खटल्यात जॅगर आणि रिचर्ड्स यांना शिक्षा झाली. 'टाइम्स'सारख्या जुन्या वळणाच्या पत्राने त्या शिक्षेविरुद्ध अग्रलेख लिहिला आणि अपिलात ते सुटले. सुटल्यावर स्टोन्सनी जे गाणे काढले, त्यात लेनन आणि मॅकार्टनी यांचे आवाज आहेत. एकाच बाजारपेठेत असूनही तबकड्या एकमेकांवर आपटू नयेत म्हणून ते तारखा परस्परांना विचारून ठरवीत.

हे वाचताना मला आपला १९२१ सालचा 'संयुक्त मानापमान' आठवतो. बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांच्या चाहत्यांत केवढी चुरस! पण टिळक स्वराज्य फंडासाठी दोघे एका रंगमंचावर आले, एक भामिनी आणि एक धैर्यधर. त्याच वर्षी केशवराव गेले. चाहते भांडत राहिले, कलावंत एकत्र गाऊन मोकळे झाले.

आता मूळ प्रश्न. श्रेष्ठ कोण?

माझी बाजू अशी. बीटल्सची पहिली तबकडी ऑक्टोबर १९६२ ची, शेवटचा संग्रह मे १९७० चा. अवघी साडेसात वर्षे. पहिल्या संग्रहातली दहा गाणी ११ फेब्रुवारी १९६३ या एका दिवसात ध्वनिमुद्रित झाली. १९६७ च्या 'सार्जंट पेपर'ला काही महिने लागले, कारण तोवर ध्वनिमुद्रणगृह हेच त्यांचे वाद्य झाले होते. जॉर्ज मार्टिन या संगीतज्ञाची त्यांना साथ होती. एका वर्षी जे केले ते पुढच्या वर्षी जसेच्या तसे करायचे नाही, हा त्यांचा बाणा. आपल्या संगीताकडेही ते खरे शिष्य म्हणून आले. १९६६ च्या सप्टेंबरात हॅरिसन रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत येऊन राहिला. त्याच वर्षीच्या 'रिव्हॉल्व्हर' या संग्रहात एका गाण्याला तबल्याची साथ अनिल भागवत यांची आहे आणि वेष्टनावर त्यांचे नावही छापले आहे. जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही ध्वनिमुद्रणगृहात हॅरिसनने आपल्या वादकांकडून जे संगीत वाजवून घेतले, त्यातून 'द इनर लाइट' हे गाणे निघाले. आणि १ ऑगस्ट १९७१ रोजी बांगलादेशाच्या निर्वासितांसाठी न्यूयॉर्कला जो कार्यक्रम झाला, तो रविशंकरांच्या शब्दाखातर याच हॅरिसनने उभा केला.

माझ्या मित्राची बाजूही ऐका. तो म्हणे, "अरे, तुझे चौघे २९ ऑगस्ट १९६६ ला सॅन फ्रान्सिस्कोला शेवटचा तिकिटाचा कार्यक्रम करून घरी बसले. लोकांसमोर घाम गाळायचा कोणी?" त्याचे म्हणणे खोटे नव्हते. १९६८ ते १९७२ या काळात स्टोन्सनी जे चार संग्रह दिले, 'बेगर्स बँक्वेट'पासून 'एक्झाइल ऑन मेन स्ट्रीट'पर्यंत, त्यांत पडेल गाणे शोधावे लागते. शिवाय ऋण मान्य करण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्याकडे होता. १९६५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर बोलावणे आले, तेव्हा हाउलिन वुल्फ या वयस्क कृष्णवर्णीय गायकालाही घ्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि स्वतः त्याच्या पायाशी बसले. अमेरिकेला तिच्याच घरातला माणूस परदेशच्या पोरांनी दाखवला.

त्यांच्या वाटेवर काळोखही आहे. ब्रायन जोन्स जुलै १९६९ मध्ये पोहण्याच्या तलावात मृत सापडला. त्याच वर्षी ६ डिसेंबरला आल्टामाँट येथे त्यांच्या कार्यक्रमात मेरिडिथ हंटर या अठरा वर्षांच्या तरुणाचा रखवालीला ठेवलेल्या टोळीतल्या एकाने भोसकून जीव घेतला. हे मी वादात फेकले, की मित्र मान खाली घालत असे. आज वाटते, ते फेकायला नको होते. मेलेल्या पोराचे वजन आपल्या पारड्यात टाकणे हा वाद नव्हे.

एप्रिल २००३ मध्ये स्टोन्स बंगळूरला आले. मित्राने दोन तिकिटे काढली आणि फोन केला. "ये. एकदा तरी समोर बसून ऐक, मग बोल." माझ्याकडे उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. मी म्हणालो, जमणार नाही. खरे सांगायचे तर हरण्याची भीती होती. तो हुबळीहून रात्रीच्या बसने एकटा गेला आणि दुसरे तिकीट त्याने अजून जपून ठेवले आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये स्टोन्सचा तालवादक चार्ली वॉट्स गेला. मी मित्राला फोन लावला. हॅरिसन गेला तेव्हा, २००१ साली, त्याने मला लावला होता. श्रेष्ठ कोण, हा विषय दोन्ही वेळा निघाला नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात स्टोन्सचा नवा संग्रह आला, त्यातल्या एका गाण्यात बास गिटार वाजवली आहे एक्याऐंशी वर्षांच्या पॉल मॅकार्टनीने. पुढच्याच महिन्यात लेननच्या जुन्या ध्वनिफितीवरून बीटल्सचे अखेरचे गाणे निघाले. मित्राने दोन्ही पाठवली आणि खाली एकच ओळ लिहिली, तीही मराठीत : "आता तरी येतोस का?"

माझा निकाल मी लपवत नाही. नवनिर्मितीत बीटल्स श्रेष्ठ. मात्र साडेसात वर्षांत थांबलेल्याला म्हातारपणाची परीक्षा द्यावी लागत नाही. ती स्टोन्सनी दिली, आणि साठ वर्षे दिली. एकाने शिखर दाखवले, दुसऱ्याने वाट सोडली नाही. एवढे मान्य करायला मला पस्तीस वर्षे लागली. समोरच्याचे बरोबर असू शकते, हे मी या वादात शिकलो. ज्या वादाला आम्ही खोलीबाहेर ठेवले होते, तोही अलीकडे आम्ही काढतो. मतभेद आहेत तसेच आहेत, पण आवाज चढत नाही.

त्या मुलाला मी सांगितले, "एक नंबर कोण, ते दोन्ही ऐकून तू ठरव. फक्त तुझ्याविरुद्ध मत असलेला एक दोस्त आधी शोध." शर्ट मात्र तालमीला घालू नकोस, असे बजावले. मुख्याध्यापकाला तेवढे करावेच लागते.

आणि हो, या दिवाळीच्या सुट्टीत मी हुबळीला जाणार आहे. त्या दोन कॅसेटी सोबत नेणार आहे.