समुद्रातले गेले, डबक्यातले राहिले

राजगुरुनगरजवळ भीमेच्या काठी उभे राहून पायाखालच्या काळ्या कातळाकडे पाहिले, म्हणजे हा दगड जगाच्या आरंभापासून येथेच असावा असे वाटते. वस्तुतः तो पृथ्वीच्या मानाने तरुण आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी भूमीला भेगा पडल्या, लाव्ह्याचे थर एकावर एक साचले आणि आपला मुलूख घडला. म्हणून प्राचीन समुद्रांत नांदलेला ट्रायलोबाइट या दगडात कितीही शोधला तरी सापडावयाचा नाही. हा कातळ जन्मला, तेव्हा त्याचा वंश बुडून अठरा कोटींहून अधिक वर्षे लोटली होती.

ट्रायलोबाइट हा खेकडा आणि विंचू यांच्या सांधेदार पायांच्या मोठ्या कुळातला. पाठीवर कठीण कवच, आणि त्याचे लांबीत तीन भाग. त्यावरून त्याचे नाव पडले. सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी तो अवतरला. त्याच्या वीस हजारांहून अधिक जाती आजवर ओळखल्या गेल्या आहेत. त्यांत ॲग्नोस्टस नावाचा जीव अगदीच चिमुकला: लांबी काही मिलिमीटर, डोळे नाहीत, दोन ढालींमध्ये अवघे दोन वळे. स्वीडनमधील त्याच्या एका जातीला शास्त्रज्ञांनी 'वाटाण्यासारखा' असेच नाव दिले. त्याला या कुळात धरावे की नाही, याविषयी मात्र विद्वानांत वाद आहे.

एवढा विस्तार, परंतु तो सारा समुद्रात. सुमारे २५ कोटी २० लाख वर्षांपूर्वी सैबेरियात प्रचंड लाव्हा उसळला, हवा तापली, समुद्रातील प्राणवायू घटला आणि बहुसंख्य सागरी जाती नष्ट झाल्या. ट्रायलोबाइटांचा तोपर्यंत एकच गण उरला होता; तोही गेला.

आता विदर्भाकडे वळू. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४५ साली नागपुरास आला. धर्मप्रसार आणि शाळा सांभाळून तो दगड गोळा करी. नागपूरच्या दक्षिणेस सुमारे ६० मैलांवर, वर्धेच्या खोऱ्यात, मंगळी नावाचे गाव आहे. तेथील वालुकाश्मात एका प्राचीन उभयचराची कवटी मिळाली. तिचे वर्णन लंडनच्या रिचर्ड ओवेनने केले. त्याच दगडात इवल्याशा शिंपल्यांचे ठसेही होते. ते शिंपले मात्र गोगलगाईच्या जातीचे नव्हेत, कोळंबीच्या भाऊबंदांचे. रुपर्ट जोन्सने १८६२ च्या आपल्या ग्रंथात त्यांना 'एस्थेरिया मंगलिएन्सिस' म्हटले. एका खेड्याचे नाव असे शास्त्रात कायमचे नोंदले गेले. पुढल्याच वर्षी, १८६३ मध्ये, हिस्लॉप टाकळघाटाहून परतताना ओढ्यात बुडून मरण पावला.

मंगळीचे हे थर पुष्कळ अभ्यासकांच्या मते त्या महासंहारानंतर थोड्याच काळाने साचलेले आहेत. म्हणजे समुद्राचे धनी गेले त्या सुमारास हे जीव गोड्या पाण्याच्या उथळ डबक्यांत सुखरूप होते! त्यांचे आप्त आजही आहेत, महाराष्ट्रातही आहेत. पहिल्या पावसाने डबके भरले की ते अंड्यांतून बाहेर येतात, थोड्या आठवड्यांत वाढतात, अंडी घालतात आणि डबके आटताच मरतात. अंडी मात्र सुकलेल्या चिखलात वर्षानुवर्षे टिकतात. दुष्काळ सोसण्याची ही तयारी त्यांच्या कामी आली असावी. केवळ तिनेच त्यांना तारले, असे ठामपणे म्हणता येणार नाही. परंतु समुद्राबाहेर ट्रायलोबाइटाला आसरा नव्हता आणि यांना होता, हे खरे.

आज राजगुरुनगर-चाकणच्या पट्ट्यात कारखान्यांसाठी माळ सपाट होत आहेत. कारखाने हवेतच. तथापि माळावरचे डबके बुजविण्यापूर्वी त्यात वाकून पाहावे, मुलांनाही दाखवावे. पंचवीस कोटी वर्षांत जे काळाला बुजवता आले नाही, ते मुरुमाच्या दोन गाड्यांनी सहज बुजते.