माया सोडण्याचं शास्त्र

शिंपी कापड बेतताना शिवणीसाठी थोडी माया सोडतो. ती विसरला, तर मापात अचूक असलेला सदरा अंगात चढत नाही. इलेक्ट्रॉनिक्समधली माया मी अशाच एका फजितीतून शिकलो. मी आखलेला पहिला सर्किट बोर्ड कारखान्यातून परत आला. जोडण्या सगळ्या बरोबर होत्या. पण छिद्रं तांब्याच्या रेघांना इतकी खेटून होती, की ड्रिल केसभर सरकलं तरी रेघ तुटावी. आकृती बरोबर असणं वेगळं आणि ती घडवता येणं वेगळं.

सिलिकॉन चिपच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते. १९७० च्या दशकात कारखान्यागणिक आखणीचे नियम वेगळे असत आणि ते तिथल्या जाणकारांपाशीच राहत. ही कोंडी अमेरिकेत लिन कॉनवे आणि कार्व्हर मीड यांनी फोडली. त्यांनी मायक्रॉनऐवजी ‘लॅम्डा’ हे एकच माप धरलं. पॉलिसिलिकॉनची रेघ किमान दोन लॅम्डा रुंद, धातूची तीन. धातूच्या दोन रेघांमधलं अंतरही तीन. कारखाना सुधारला, की फक्त लॅम्डाची किंमत बदलायची. नियम इतके थोडे, की विद्यार्थ्याला पाठ व्हावेत आणि संगणकाला तपासता यावेत.

१९७८ मध्ये कॉनवेबाईंनी हे एमआयटीत शिकवलं. पुढच्याच वर्षी बारा विद्यापीठांतल्या ८२ आखण्या अर्पानेटवरून गोळा करून एकत्र बसवल्या आणि त्यांच्या चिप्स बनवून घेतल्या. कारखान्याची पायरीही न चढलेल्यांच्या हाती स्वतःची चिप आली. १९८१ मध्ये यातूनच ‘मोसिस’ ही सेवा उभी राहिली.

पुढे रेघा प्रकाशाच्या १९३ नॅनोमीटर तरंगलांबीहूनही बारीक झाल्या आणि एवढे साधे नियम पुरेनात. मग संगणक साच्यावरची आकृती मुद्दाम वाकडी करू लागला. कारण सिलिकॉनवर उमटताना ती सरळ व्हावी. साधनं बदलली, तरी प्रश्न तोच राहिला: हे घडवता येईल का?

याच कॉनवेबाईंना लिंगबदलाच्या निर्णयामुळे १९६८ मध्ये आयबीएमने नोकरीवरून काढलं होतं. कंपनीने माफी मागितली ती २०२० मध्ये. २०२४ मध्ये त्या गेल्या. आखणीत माया सोडायला जगाला शिकवणाऱ्या बाईंच्या वाट्याला ती बावन्न वर्षं उशिरा आली.