वाळूने निवडलेला ट्रक

मार्च 1942 मध्ये ब्रिटिश सैन्यातील एका छोट्या तुकडीने आपले ट्रक बदलले. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणारे फोर्ड बाजूला ठेवून तिने केवळ मागच्या चाकांना ताकद मिळणारे कॅनेडियन शेव्हरोले घेतले. ही तुकडी शहरात रसद पोहोचवणारी असती, तर या बदलात नवल नव्हते. पण ती होती ‘लाँग रेंज डेझर्ट ग्रुप’. लिबियन वाळवंटात शेकडो मैल आत शिरायचे, शत्रूच्या पिछाडीला लपून त्याच्या रस्त्यावरची वाहने मोजायची आणि परत यायचे, हे तिचे काम. ज्या वाळवंटाच्या विस्ताराची तुलना त्या काळी हिंदुस्थानच्या आकाराशी केली जाई, तिथे चार चाकांची ताकद सोडून दोन चाकांची का पत्करावी? या प्रश्नाचा माग काढताना मला ‘भरवशाचे वाहन’ या शब्दांचा अर्थच नव्याने तपासावा लागला.

याची मुळे पहिल्या महायुद्धात आहेत. इजिप्तच्या पश्चिम सीमेवर सेनुसींविरुद्ध ब्रिटिशांनी ‘लाइट कार पेट्रोल’ उभी केली, ती फोर्डच्या मॉडेल टी मोटारींवर. वजनाने हलकी, चाके मोठी, पोट जमिनीपासून उंच आणि यंत्रणा इतकी साधी, की थोडी अवजारे आणि डोके असलेला माणूस ती रस्त्यातच उघडून जोडू शकेल. याच काळात फ्रेंचांनी दुसरी वाट धरली होती. डिसेंबर 1922 मध्ये तुगुर्तहून निघालेल्या सिट्रोएन गाड्या जानेवारी 1923 मध्ये टिंबक्टूला पोहोचल्या आणि मोटारीने सहारा ओलांडला गेला. त्या गाड्यांना मागे चाकांऐवजी रबरी पट्टे होते. इजिप्तचा राजपुत्र कमाल अल्-दीन हुसेन यानेही अशाच गाड्या घेऊन गिल्फ केबीर पठारापर्यंत मजल मारली. पट्ट्याची गाडी वाळूत रुतत नाही, हे खरे. पण ती जड, संथ आणि खादाड असते.

राल्फ बॅग्नॉल्ड हा 1896 साली जन्मलेला सैनिकी इंजिनिअर 1926 मध्ये इजिप्तला आला, तेव्हा हे दोन्ही मार्ग समोर होते. त्याने हलक्या फोर्डचा मार्ग निवडला. सुटीच्या दिवसांत, स्वतःच्या आणि मित्रांच्या खिशातून पैसे घालून, आधी मॉडेल टी आणि 1929 पासून मॉडेल ए घेऊन तो वाळवंटात शिरू लागला. मोटारीला अशक्य मानल्या गेलेल्या ‘ग्रेट सँड सी’मध्ये, सुमारे 72,000 चौरस किलोमीटरच्या वाळूच्या समुद्रात, त्याने वाट काढली. वाळूच्या टेकडीपुढे थबकणारी गाडी रुतते, पण योग्य पृष्ठभाग हेरून वेगाने तिच्यावर घातली तर वर चढून जाते, हे त्याला अनुभवातून कळले.

गाडी सज्ज करण्याची त्याची रीत पाहिली की एक गोष्ट ठळकपणे जाणवते. त्याने गाडीत जेवढे घातले, त्याहून जास्त काढले. दरवाजे, काच, टप, बॉनेट, म्हणजे जे जे चालण्यासाठी लागत नाही ते गेले. त्यातून वाचलेले वजन पेट्रोल आणि पाण्याच्या वाट्याला आले. टायरमधली हवा कमी केली, म्हणजे टायर पसरतो आणि भार जास्त जागेवर वाटला जातो. गाडी रुतलीच तर चाकांखाली सरकवायला पोलादी पन्हळी घेतल्या. त्या मुळात महायुद्धातील खंदकांवर छत घालण्यासाठी बनवलेल्या. बॅग्नॉल्डला त्या कैरोच्या जुन्या बाजारात सापडल्या होत्या. चाकांपुढची वाळू उपसायची, पन्हळी टाकायच्या, सगळ्यांनी मिळून ढकलायचे आणि पुन्हा त्या उचलून धावत गाडी गाठायची. दिवसातून अनेकदा.

रेडिएटरची युक्ती तर मला सर्वांत महत्त्वाची वाटते. उकळणारे रेडिएटर नळीवाटे वाफ बाहेर टाकते आणि त्या वाफेबरोबर माणसांच्या पिण्याचे पाणी जाते. बॅग्नॉल्डने ती नळी अर्धा पाणी भरलेल्या डब्यात सोडली. वाफ डब्यातल्या पाण्यात थंड होऊन पाणी बने. डबाही उकळू लागला की गाडी वाऱ्याकडे तोंड करून थांबवायची. इंजिन निवले की आत पोकळी निर्माण होऊन सगळे पाणी आपोआप रेडिएटरमध्ये ओढले जाई. लाँग रेंज डेझर्ट ग्रुपमध्ये माणशी दिवसाला पाणी मिळे 6 पाइंट, म्हणजे साडेतीन लिटरांहूनही कमी. इंजिन आणि माणूस एकाच पिंपातून पीत असताना हा डबा म्हणजे चैन नव्हती.

दिशेचा प्रश्न उरत होता. लोखंडी गाडीत चुंबकसूची चळते आणि दर वेळी उतरून दूर जाऊन दिशा पाहायची, तर वेळ जातो. बॅग्नॉल्डने सूर्य-होकायंत्र सुधारून घेतले. अंश कोरलेली आडवी तबकडी, मधोमध उभी सुई आणि घड्याळाच्या वेळेप्रमाणे तबकडी फिरवण्यासाठी तक्ते. सावली ठरलेल्या अंशावर ठेवत गाडी हाकायची. उन्हाळ्यात भर दुपारी सावली इतकी आखूड होई, की यंत्र निरुपयोगी ठरे, मग विश्रांती. रात्री थिओडोलाइटने तारे पाहून मुक्काम नेमका कुठे आहे ते काढायचे.

या हौशी प्रवासांना दुसरी बाजू होती. जानेवारी 1931 मध्ये इटलीने कुफ्रा जिंकले आणि तिथले लोक बायकामुलांसह वाळवंटात पळाले. शेकडो मैलांत पाणी नाही. इजिप्तच्या वाळवंट सर्वेक्षण खात्यातील पॅट्रिक क्लेटन याने आपल्या मोटारी घेऊन त्यांतल्या अनेकांना शोधून वाचवले. कित्येक जण त्याआधीच वाटेत मेले. नकाशे आखण्यासाठी सज्ज केलेल्या गाड्या जीव वाचवायला उपयोगी पडल्या, याची नोंद वाहनांच्या इतिहासात क्वचित होते.

जून 1940 मध्ये इटली युद्धात उतरली. बॅग्नॉल्डने सेनापती वेव्हेलपुढे कल्पना मांडली. उभारणीसाठी मुदत मिळाली सहा आठवड्यांची. सैन्याकडे योग्य वाहने नव्हती. मग शेव्हरोलेचे दीड टनी ट्रक जमवले. काही अलेक्झांड्रियातील विक्रेत्याकडून, काही इजिप्शियन सैन्याकडून मागून. दोन चाकांना ताकद देणारे, बाजारात मिळणारे साधे माल वाहण्याचे ट्रक. पाट्यांना जादा पाने घातली, हौदे वाढवले, टप काढले, डबे बसवले. चालक घेतले न्यूझीलंडचे, ज्यांच्यात शेतकऱ्यांचा भरणा होता. यंत्र बिघडले तर स्वतः दुरुस्त करायचे, ही त्यांची घरचीच सवय.

हे ट्रक झिजल्यावर 1941 मध्ये चारही चाकांना ताकद देणारे फोर्ड आले. ते मऊ वाळूत सरस होते; पण जड होते आणि पेट्रोल फार पीत. यामागचे गणित साधे आहे. समजा 1,100 मैल वाटेत काहीही न मिळता जायचे आहे. गॅलनला 10 मैल देणाऱ्या ट्रकला 110 गॅलन लागतील, म्हणजे सुमारे 370 किलो. गॅलनला 6 मैल देणाऱ्याला 183 गॅलन, 600 किलोहून जास्त. हे जादा वजन वाहायलाही पुन्हा पेट्रोल लागतेच. त्यात पेट्रोल यायचे 4 गॅलनच्या पातळ पत्र्याच्या डब्यांतून. खडबडीत वाटेवर हे डबे गळत आणि कधी चौथा हिस्सा वाळूत जाई. जर्मनांचा दणकट 20 लिटरचा डबा हाती लागला, तेव्हा ब्रिटिशांनी तो आनंदाने वापरला. जर्मनांनीही तेच केले. 1942 मध्ये अल्माशी हा हंगेरियन प्रवासी जर्मन हेरांना घेऊन वाळवंटातून नाईल नदीकडे निघाला, तो ब्रिटिशांकडून पकडलेल्या फोर्ड गाड्यांतून. वाळवंटात वाहनाला देश नसतो.

म्हणून मार्च 1942 चा निर्णय मला मागे जाणारा वाटत नाही. रुतलेली गाडी पन्हळीने आणि खांद्याने निघते. संपलेले पेट्रोल कशानेही परत येत नाही. शिवाय सगळे ट्रक एकाच जातीचे असले, की एका मोडक्या गाडीचे सुटे भाग बाकीच्यांना पुरतात. 1941 अखेर उभारलेल्या इंडियन लाँग रेंज स्क्वॉड्रनमधील जाट, राजपूत, शीख आणि मुस्लिम जवानही पुढे या पद्धतीत तयार झाले. आपल्याकडच्या युद्धेतिहासात त्यांना दोन ओळीही मिळत नाहीत.

या भरवशाची सीमाही त्याच वाळूत दिसते. 31 जानेवारी 1941 रोजी जेबेल शेरीफ येथे इटालियन मोटार तुकडीने आणि विमानांनी क्लेटनच्या गस्ती तुकडीला गाठले. ट्रक जळाले. कुफ्राचे निर्वासित वाचवणारा क्लेटन जखमी होऊन पकडला गेला. मागे राहिलेल्या चौघांजवळ एका डब्यात दोन गॅलनपेक्षाही कमी पाणी होते. रोनाल्ड मूर याच्या पायाला जखम झाली होती. शरण न जाता ते आपल्याच ट्रकांच्या चाकोऱ्यांवरून दक्षिणेकडे चालू लागले. दहा दिवसांनी, सुमारे 210 मैलांनंतर, स्वतंत्र फ्रेंच सैन्याच्या लोकांना मूर सापडला, तेव्हा तो चालतच होता. ईस्टन नावाचा त्यांचा सोबती मात्र सापडल्यानंतर मरण पावला.

आज दुर्गम भागात गाडी नेऊ इच्छिणारा माणूस इंजिनाची ताकद, चारचाकी जोर आणि बाजारातली नवी उपकरणे यांची यादी करतो. बॅग्नॉल्डच्या यादीचा क्रम वेगळा होता: पाणी किती, पेट्रोल किती, वजन किती, मोडल्यास कोण दुरुस्त करणार आणि गाडीच गेली तर माणसे कुठल्या दिशेने चालणार. इंजिनाची निवड यानंतर येत असे. 1941 साली प्रसिद्ध झालेल्या वाळूच्या भौतिकशास्त्रावरील त्याच्या ग्रंथाने वाऱ्याने वाळू कशी वाहते याचा पाया घातला आणि 1944 मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्या ग्रंथातल्या प्रश्नांची सुरुवात मात्र रुतलेल्या चाकासमोर गुडघे टेकून वाळू उपसताना झाली होती.