पन्नास पैशांच्या कार्डाचा खर्च

बऱ्याच वर्षांपूर्वी, महाराष्ट्रापासून दूर एका डोंगराळ राज्यात नेमणूक असताना, माझ्या टेबलावर एक प्रस्ताव आला. तोट्यात चालणारी काही छोटी सेवा-केंद्रे बंद करावीत, असा तो प्रस्ताव होता. प्रत्येक केंद्राचा वार्षिक खर्च, तेथे येणाऱ्या अर्जांची संख्या, भागाकार करून काढलेला ‘दर अर्जामागे खर्च’ आणि त्यापुढे मिळणारे अल्प शुल्क, असा तक्ता सोबत होता. खर्च शुल्काच्या कितीतरी पट होता. मी अर्थशास्त्राचा पदव्युत्तर विद्यार्थी. आकडे बोलके वाटले. अनुकूल शेरा मारून मी सही केली.

वर्षभराने हिशेब पाहिला तेव्हा लक्षात आले की अपेक्षित बचत झालीच नव्हती. कर्मचारी दुसऱ्या कार्यालयात गेले होते आणि त्यांचा पगार चालूच होता. जागेचा करार संपायला अवकाश होता. त्या रस्त्याने जाणारी जीप पुढच्या केंद्रासाठी पूर्वीप्रमाणेच जात होती. मात्र गावकऱ्यांचा एका कागदासाठी एक पूर्ण दिवस जाऊ लागला होता, आणि तो खर्च आमच्या कोणत्याही तक्त्यात नव्हता.

माझी चूक पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला न शोभणारी होती. मी सरासरी खर्चालाच वाचणारा खर्च समजलो होतो. पुढे टपालखात्याचा इतिहास वाचताना या चुकीची वारंवार आठवण झाली, कारण ‘खर्च म्हणजे नेमका कोणता खर्च?’ या एका प्रश्नाभोवतीच तो इतिहास फिरतो. घरापासून दूर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना तर तो जिव्हाळ्याचाच वाटावा.

आरंभ इंग्लंडमध्ये करावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तेथे पत्राचा दर अंतरावर आणि कागदांच्या संख्येवर ठरे, आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याने द्यायचे असत. लंडन ते एडिंबरो या पत्राला एक शिलिंगाहून अधिक पडे. १८३७ मध्ये रोलंड हिल या शिक्षकी पेशातून आलेल्या गृहस्थाने एक पुस्तिका लिहून साधा प्रश्न विचारला: लंडनहून एडिंबरोला जाणाऱ्या गाडीत आणखी एक पत्र टाकले, तर ते वाहून नेण्याचा खर्च किती? त्याचे उत्तर होते, एका पेनीचा छत्तिसावा भाग. खरा खर्च वाहतुकीचा नव्हता. पत्रे गोळा करणे, त्यांवर अंतरानुसार आकार लिहिणे, दारोदार जाऊन पैसे वसूल करणे आणि त्यांचा हिशेब ठेवणे, यांचा तो होता. अंतराशी त्याचा जवळजवळ संबंध नव्हता. मग दर अंतरावर का ठरवायचा? सर्वत्र एकच दर असावा आणि तो आगाऊ घ्यावा, म्हणजे वसुलीचा खर्चही वाचेल, असा त्याचा युक्तिवाद होता.

१० जानेवारी १८४० रोजी एका पेनीचा समान दर लागू झाला. १८३९ मध्ये सुमारे ७.६ कोटी पत्रे गेली होती; १८४० मध्ये ती जवळपास १७ कोटी झाली. जनतेच्या दृष्टीने हे मोठेच यश होते. तिजोरीच्या दृष्टीने मात्र टपालाचे निव्वळ उत्पन्न सुमारे १६ लाख पौंडांवरून ५ लाखांवर घसरले. दर इतका उतरल्यावर उत्पन्न टिकायचे, तर मागणी पाचपट व्हायला हवी होती. पहिल्या वर्षी ती दुपटीहून थोडीच अधिक झाली. मागणीची लवचिकता म्हणतात ती हीच. दर उतरवला की ग्राहक वाढतात हे खरे. पण किती वाढतात, यावर उत्पन्नाचे भवितव्य अवलंबून असते. ते निव्वळ उत्पन्न पूर्वपदावर यायला वीस वर्षांहून अधिक काळ लागला.

भारतात ही कल्पना थोड्याच वर्षांत पोहोचली. १८३७ च्या कायद्यानुसार येथेही अंतरानुसार दर होते. एक तोळा वजनाच्या पत्राला कलकत्त्याहून मुंबईपर्यंत एक रुपया आणि आग्र्यापर्यंत बारा आणे पडत. एक रुपया ही तेव्हा मजुराची अनेक दिवसांची कमाई होती. अर्थात पत्रव्यवहार सरकार, व्यापारी आणि सधन यांच्यापुरताच होता. लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत चौकशी आयोग नेमला गेला, आणि १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्याच्या पत्राला अर्धा आणा, मग ते शेजारच्या गावी जावो वा पेशावरला, असा समान दर आणि अखिल भारतीय तिकिटे आली. तोळाभर वजनाच्या पत्राला आता दोन आणे पडू लागले, म्हणजे मुंबईसाठी पूर्वीच्या एक अष्टमांश. १ जुलै १८७९ रोजी पोस्टकार्ड आले, अवघ्या पाव आण्यात. पुढच्याच वर्षी, १८८० मध्ये, टपालखात्याने मनीऑर्डर सुरू केली.

येथे एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. हिलने मुळात सर्व देशाला एक दर सुचवला नव्हता. मोठ्या टपालगावांमधील वाहतूक स्वस्त आहे, हे त्याने दाखवले होते. पण टपालगावापासून आडबाजूच्या खेड्यापर्यंतचा शेवटचा टप्पा खर्चिक असतो हे त्याला ठाऊक होते, आणि त्यासाठी वेगळा आकार घ्यावा, असे त्याच्या पुस्तिकेत होते. व्यवहारात तो भाग गळून पडला. रोनाल्ड कोस या अर्थशास्त्रज्ञाने, ज्यांना पुढे १९९१ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, १९३९ मध्ये हिलवर लेख लिहून त्याच्या युक्तिवादाची तपासणी केली होती. भारतातही आरंभी शेवटचा टप्पा वेगळाच होता. बंगालसारख्या प्रांतांत ‘जिल्हा डाक’ जमीनदारांकडून घेतलेल्या उपकरावर चाले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी ती मुख्य टपालखात्यात विलीन झाली. म्हणजे शहरांमधील एकच दर खर्चाच्या तर्कातून आला. खेड्यापर्यंतचा एकच दर हा मात्र सार्वजनिक निर्णय होता. हे दोन निर्णय वेगळे आहेत, आणि त्यांची गल्लत केली की दोन्हींचे मूल्यमापन चुकते.

हा शेवटचा टप्पा म्हणजे काय, हे कोकणातून आलेल्या वाचकांना सांगायला नको. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या चाकरमान्याची मनीऑर्डर खांद्यावरच्या पिशवीत घेऊन पोस्टमन घाटी उतरे, ओढे ओलांडे, वाडीवर पोहोचे. त्याच पिशवीत पोस्टकार्डे असत, एखादे पाकीट असे, एखादे नोंदणी पत्र असे. आता सांगा, त्याच्या त्या दिवसाच्या पगारातला किती हिस्सा मनीऑर्डरचा आणि किती कार्डाचा? तो वाडीवर गेला तो मनीऑर्डरसाठी की कार्डासाठी? या प्रश्नाला निसर्गतः एकच बरोबर असे उत्तर नाही. याला संयुक्त खर्च म्हणतात. मेंढीपासून लोकर आणि मांस दोन्ही मिळतात. मेंढीच्या चाऱ्यातला लोकरीचा वाटा किती, हे हिशेबनीस ठरवू शकतो, पण ते तो ठरवतो, त्याला ते सापडत नाही.

हे लक्षात घेऊन पोस्टकार्डाचा अलीकडचा हिशेब पाहावा. टपालखात्याच्या २०१६-१७ च्या अहवालानुसार एका कार्डामागे सुमारे १२ रुपये १५ पैसे खर्च येत होता आणि उत्पन्न ५० पैसे होते. वर्तमानपत्रांनी त्याच्या बातम्या केल्या, आणि ‘सव्वाबारा रुपयांची वस्तू आठ आण्यांत’ अशी टीका झाली. तो आकडा खोटा नाही. पण तो पोस्टमनचा पगार, इमारती, पर्यवेक्षण यांचा कार्डाच्या वाट्याला घातलेला भाग धरून काढलेला सरासरी खर्च आहे. उद्या कार्ड बंद केले, तर प्रत्येक कार्डामागे १२ रुपये १५ पैसे वाचतील काय? नाही. कागद, छपाई आणि वर्गीकरणातले काही क्षण वाचतील. पोस्टमन त्या रस्त्याने जातच राहील.

यात आणखी एक मेख आहे. बहुतांश खर्च स्थिर असला की वस्तूंची संख्या घटताच सरासरी खर्च आपोआप चढतो. दूरध्वनी, भ्रमणध्वनी आणि इंटरनेट यांनी व्यक्तिगत पत्रे संपवत आणली. पगार वाढले हे खरेच; पण कार्डे कमी झाली म्हणूनही दर कार्डाचा खर्च फुगला. अशा वेळी सरासरी खर्च भरून काढण्यासाठी दर वाढवावा, तर उरलेले ग्राहकही जातात, सरासरी आणखी चढते, आणि तीच गणिते पुन्हा दरवाढ मागतात. आपल्याकडील कितीतरी सार्वजनिक सेवा या भोवऱ्यात सापडल्या आहेत. माझ्या तक्त्यातली ती केंद्रेही तशीच होती: अर्ज कमी म्हणून खर्च जास्त दिसत होता, आणि खर्च जास्त दिसतो म्हणून आम्ही अर्जदारांचा रस्ताच बंद केला.

तर मग प्रत्येक सेवेची किंमत केवळ सीमान्त खर्चाइतकी, म्हणजे आणखी एक नग देण्याला जेवढा जादा खर्च येतो तेवढीच, ठेवावी काय? हॅरॉल्ड हॉटेलिंग यांनी १९३८ मध्ये तसे मांडले: पूल एकदा बांधला की आणखी एका वाटसरूचा खर्च शून्य, तेव्हा पथकर नको; पुलाचा खर्च करांतून भागवावा. कोस यांनी १९४६ मध्ये त्यावर आक्षेप घेतले, आणि प्रशासकाने ते विसरू नयेत. पहिला असा की पूल न वापरणाऱ्यानेही त्याचे पैसे द्यावेत हे न्याय्य कसे? दुसरा असा की वापरणारे पूर्ण खर्च द्यायला तयार आहेत की नाहीत हे कधी तपासलेच नाही, तर तो पूल बांधण्याजोगा होता हे कळणार कसे? प्रत्येक सेवा ‘माझा सीमान्त खर्च नगण्य’ असे म्हणू लागली, तर पोस्टमनचा पगार कोणीच देणार नाही.

भारतीय टपालाने हे कोडे दीर्घकाळ एका पद्धतीने सोडवले. शहरांमधील व्यापारी पत्रे खर्चाच्या मानाने अधिक देत आणि खेड्यांतील पत्रांचा तोटा त्यातून काही अंशी भरून निघे. ही व्यवस्था टिकण्यासाठी मक्तेदारी लागते, आणि १८९८ च्या कायद्याने पत्रे वाहण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला होता. परंतु १९८० च्या दशकापासून खाजगी कुरिअर कंपन्यांनी दुधावरची साय काढायला सुरुवात केली. दोन महानगरांमधील कागदपत्रे त्यांनी घेतली; पाड्यावरचे पत्र टपालखात्याकडेच राहिले. १९८६ मध्ये सुरू झालेल्या स्पीड पोस्टने स्पर्धेला उत्तर दिले. २०२३ च्या नव्या टपाल कायद्यात तो अनन्य अधिकार ठेवलेला नाही. जुन्या पद्धतीची मनीऑर्डर २०१५ मध्ये बंद झाली होतीच. ज्या पिशवीत चार वस्तू मिळून पोस्टमनचा पगार निघत असे, ती हलकी झाली. वाट मात्र तेवढीच लांब राहिली.

यातून सरकारी नोकराने काय घ्यावे? कार्ड ५० पैशांतच राहावे, असा माझा आग्रह नाही; दर ठरवण्यात केवळ भावनेला स्थान देता येत नाही. पण स्वातंत्र्याच्या वेळी देशात २३,३४४ टपाल कार्यालये होती आणि आज ती दीड लाखाहून अधिक आहेत, बहुतांश ग्रामीण भागात. ही वाढ कोणत्याही काळी केवळ कार्डाच्या हिशेबावर झालेली नाही. देशाच्या प्रत्येक कोपऱ्यापर्यंत एक माणूस पोहोचावा, हा तो निर्णय होता. त्या निर्णयाचा खर्च अर्थसंकल्पात उघडपणे लिहावा, संसदेत त्यावर चर्चा व्हावी, आणि पटत नसेल तर तो बदलावा. तो खर्च कार्डाच्या माथी मारून कार्डालाच दोषी ठरवणे, हे मात्र हिशेबातले चातुर्य आहे, अर्थशास्त्र नव्हे.

त्या प्रस्तावानंतर माझ्यापुढे अशी कोणतीही फाईल आली, तर मी समासात एकच वाक्य लिहीत आलो आहे: ‘हे बंद केल्यास पुढील वर्षी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम प्रत्यक्ष वाचेल, आणि नागरिकाचा किती खर्च वाढेल, हे कृपया नमूद करावे.’ काही फाईली त्या शेऱ्यानंतर परत आल्याच नाहीत. काही आल्या, आणि त्यांत बंद करण्याची शिफारस खरोखरच योग्य होती. त्यांवर मी बिनदिक्कत सही केली. हा प्रश्न आधी सुचला असता, तर त्या डोंगरातल्या काही गावांचा दिवस वाया गेला नसता, ही रुखरुख मात्र अजून आहे.